अवजड हत्यार, धिमा वार: यासाठी मराठीत कोणते शब्द वापरता येतील?

प्रश्न

ॲक्शन आरपीजीमध्ये (आपलं पात्र घडवत, अचूक वेळी बटण दाबून लढायचे व्हिडिओ गेम) प्रचंड तलवार किंवा हातोडा घेऊन नीट कसं खेळायचं, याबद्दल नवख्यांसाठी मराठीत लिहायला घेतलं आहे. पण दर ओळीला ‘विंडअप’ (वाराआधीची तयारी), ‘रिकव्हरी’ (वारानंतर पूर्ववत होणं), ‘पॉइज’ (मार बसला तरी न डगमगणं), ‘हायपर आर्मर’ (वार करत असतानाचं तेच बळ), ‘स्टॅगर’ (मार बसून डगमगणं) येतात. मुरलेल्या खेळाडूला ते चालतं. ज्याने आजवर फक्त हलकी तलवार भराभर चालवली आहे, त्याला मात्र या शब्दांवरून हाताने नेमकं काय करायचं ते उमगत नाही. मराठीत आधीपासून असलेले, बोलण्यातले शब्द हवे आहेत. कोशातून घडवलेले जोडशब्द नकोत. ‘रोल’ (लोळण घेऊन वार चुकवणं), ‘बॉस’ (टप्प्यावरचा मोठा शत्रू), ‘स्टॅमिना’ (दम) तसेच राहू देणार आहे, ते सगळ्यांच्या तोंडी बसले आहेत.

उत्तर

आधी विशेषणाचं बघू. ‘भारी हत्यार’ लिहू नका, वाचणारा ‘झकास हत्यार’ समजेल. ‘बोजड’मध्ये नापसंती आहे. ‘जड’ चालेल, पण ‘अवजड’ जास्त नेमका. जे उचलायला, वळवायला, आवरायला कष्ट पडतात ते अवजड. वेगासाठी ‘मंद’ नको, त्यात धार नसल्याची छटा येते. ‘संथ’मध्ये शांतपणा आहे आणि हातोडा शांत नसतो. ‘धिमा’ घ्या. धिमा माणूस ठरवून, वेळ घेऊन काम करतो आणि अशा हत्याराचा वार अगदी तसाच असतो.

उत्तर

विंडअप आणि रिकव्हरीसाठी शब्द शोधायचीही गरज नाही. मराठीत हात उगारतात, काठी उगारतात. मारण्यासाठी वर नेलेलं पण अजून न मारलेलं, एवढा सगळा अर्थ ‘उगारणे’मध्ये आहे. आणि जोरात मारून तोल पुढे गेला की माणूस स्वतःला ‘सावरतो’. म्हणजे एका हल्ल्याचे तीन भाग झाले: उगारणं, घाव, सावरणं.

हलक्या तलवारीत पहिला आणि तिसरा भाग इतका छोटा असतो की तो जाणवतच नाही. अवजड हत्यारात घाव क्षणभराचा आणि बाकीचा सगळा वेळ उगारण्यात नि सावरण्यात जातो. नवखा खेळाडू मार खातो तो इथेच. शत्रूचा वार संपलेला दिसला की तो बटण दाबतो, पण बटण दाबणं म्हणजे घाव घालणं नव्हे, ते नुसतं उगारणं. घाव पडेपर्यंत शत्रू सावरून पुन्हा उगारत असतो. डार्क सोल्सच्या धर्तीवरच्या बहुतेक खेळांत एकदा उगारलेला वार मागे घेता येत नाही. घाबरून मध्येच रोलचं बटण दाबलं तर ते लक्षात ठेवलं जातं आणि सावरून झाल्यावर, नको त्या वेळी, रोल होतो.

म्हणून मी नवख्यांना एकच वाक्य सांगतो: शत्रू सावरायला लागेल तेव्हा तुमचा घाव पडला पाहिजे, म्हणजे त्याचा शेवटचा वार चालू असतानाच तुम्ही उगारलेलं असलं पाहिजे. यासाठी शत्रूचे वार पाठ असावे लागतात. तीन वारांची मालिका असेल तर तिसरा अंगाजवळून जातानाच बटण दाबायचं. एका मोक्याला एकच घाव. दुसऱ्याचा मोह बहुतेक वेळा अंगाशी येतो, कारण दुसऱ्यांदा उगारायला लागणारा वेळ शत्रूने तुम्हाला दिलेला नसतो. आणि दम राखून ठेवायचा. सगळा स्टॅमिना घावात ओतला की रोल मारायला काही उरत नाही.

प्रश्नकर्ता

‘उगारणं’ आणि ‘सावरणं’ घेतले. आता पॉइज. ‘तोल’ म्हणावं का?

उत्तर

‘तोल’ म्हटलं तर ‘तोल जाणं’, ‘तोल ढळणं’ आयतं मिळतं, हे खरं. पण खेळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींना एकच शब्द दिला तर घोटाळा होईल.

पहिली गोष्ट, वार अंगावर बसला तरी आपली हालचाल न तुटणं. याला मी ‘तग’ म्हणेन. तग धरणं म्हणजे मार न लागणं नव्हे, मार लागूनही टिकणं. हाच फरक नवख्याला समजत नाही. हायपर आर्मरमध्ये आरोग्य कमी होतच असतं, फक्त उगारलेला वार मोडत नाही. २०११ च्या पहिल्या डार्क सोल्समध्ये जड चिलखत घातलं की हा तग सतत अंगी असायचा, नुसतं उभं असतानाही. २०१६ च्या तिसऱ्या भागात तो मुख्यतः अवजड हत्यार चालवतानाच्या ठरावीक काळापुरता राहिला. त्यामुळे तिथे ‘माझ्याकडे भरपूर तग आहे’ हे अर्धंच वाक्य आहे. ‘उगारताना तग आहे’ असं म्हणावं लागतं.

दुसरी गोष्ट शत्रूची. एल्डन रिंग या खेळात प्रत्येक मोठ्या शत्रूला न दिसणारं एक माप असतं. ते संपलं की तो गुडघ्यावर येतो आणि मर्मावर घाव घालता येतो. यासाठी ‘पवित्रा मोडणं’ म्हणा. पवित्रा म्हणजे लढायला घेतलेली अंगाची ठेवण, शब्द नेमका त्याच जागेचा आहे. अवजड हत्याराचा खरा फायदाही इथेच आहे. उडी मारून घातलेला घाव आणि बटण दाबून धरून घातलेला जड घाव पवित्रा पटकन मोडतात. मात्र बराच वेळ घाव बसला नाही तर ते माप पुन्हा भरत जातं. म्हणून फार लांब राहून वाट बघत बसणाऱ्याला तिथे हातोड्याचा पुरता उपयोग होत नाही.

उत्तर

‘तग’ उत्तम. पण ‘तोल’ पूर्ण टाकू नका. छोटे शत्रू एका घावात मागे झोकांडतात, तिथे पवित्रा वगैरे मोठा शब्द होतो. ‘तोल गेला’ किंवा ‘झोकांडी खाल्ली’ पुरे.

उत्तर

मॉन्स्टर हंटर या शिकारीच्या खेळमालिकेतली मोठी तलवार माझ्या फार जिव्हाळ्याची, म्हणून तिथले शब्द देतो.

त्यात तलवार हातात असताना चाल अगदी धिमी होते. त्यामुळे जुनी, भक्कम पद्धत अशी: तलवार पाठीवर ठेवून पळायचं, मोका दिसला की ‘उपसता घाव’ घालायचा, लगेच ‘म्यान करायची’ आणि पुन्हा पळायचं. तलवार उपसतात आणि म्यान करतात, दोन्ही क्रियापदं तयार आहेत. या घावाला बळ देणारी खास कौशल्यंही त्या मालिकेत आहेत.

चार्जसाठी ‘उगारून धरणं’ म्हणा. बटण दाबून ठेवलं की जोर तीन पायऱ्यांनी वाढतो. तिसरी पायरी आली की सोडायचं, जास्त धरलं तर जोर उलट घटतो. २०१८ च्या मॉन्स्टर हंटर वर्ल्डमध्ये अशा घावांच्या मालिकेच्या शेवटी सर्वांत मोठा घाव येतो. तिथवर लवकर पोचायचं तर उगारून धरलेलं असताना खांद्याने धडक मारायची. त्या धडकेत तग असतो आणि पुढची पायरीही गाठता येते. याला ‘खांदा देणं’ लिहू नका, त्याचा अर्थ वेगळा रूढ आहे. ‘खांद्याची धडक’ बरं.

आणि त्याच खेळात झोपलेल्या प्राण्यावरचा पहिला घाव दुप्पट लागतो. चार जण खेळत असतील तर तो मान मोठ्या तलवारवाल्याचा, बाकीच्यांनी हत्यार आवरून उभं राहायचं. ‘एक घाव दोन तुकडे’ हा वाक्प्रचार या ठिकाणी खुशाल वापरा.

उत्तर

अजून एक क्रियापद सुटलं: ‘पेलणं’. हत्यारासाठी जी किमान ताकद लागते ती नसेल तर ‘हत्यार पेलवत नाही’. पहिल्या डार्क सोल्समध्ये त्स्वायहँडर तलवारीला २४ ताकद आणि १० चपळाई लागते. पण दोन्ही हातांनी धरलं की ताकद दीडपट धरली जाते, म्हणजे १६ ताकदीतही ती पेलवते. नवख्याला हे सांगाच. ती लवकर हाती येते आणि अनेक जण ‘२४ नाही’ म्हणून तिला हातही लावत नाहीत.

एकूण वजनाला ‘भार’ म्हणा. त्या खेळात भार क्षमतेच्या निम्म्यावर गेला की रोल अगदी जड पडतो, एल्डन रिंगमध्ये ही मर्यादा ७० टक्क्यांची आहे. हत्यार अवजड घेतलं तर चिलखतातून वजन कमी करावं लागतं आणि तग वाढवायला पुन्हा जड चिलखत हवं असतं. ही ओढाताण लेखात सविस्तर यायला हवी.

प्रश्नकर्ता

येईल. शेवटचं विचारतो. काही बॉस हात वर नेतात आणि मध्येच थबकतात, मग उशिरा मारतात. एल्डन रिंगचा मार्गिट तर नेहमीच. याला काय म्हणू?

उत्तर

‘हूल’. तो हूल देतो, आपण आधीच रोल मारतो आणि उठताना सापडतो. अवजड हत्यारवाल्यासाठी मात्र त्या थबकण्यात थोडा वेळ दडलेला असतो. त्याचा हात वर असताना बाजूने आत शिरायचं, त्याच्या वाराच्या उलट अंगाला, आणि तिथून उगारायचं. उडीचा घाव इथे चांगला बसतो. अरुंद जागेत असाल तर आडवा वार टाळा, डार्क सोल्समध्ये तो भिंतीवर आपटून परत येतो. तिथे उभाच वार घाला.