डोक्याला मार लागल्यानंतर दादा कशातच रमत नाही

धाकटी_वाईची: माझा दादा ३६ वर्षांचा. १४ महिन्यांपूर्वी बाइकवरून पडला, मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली. आता चालतो, जेवतो, विचारलं तर उत्तर देतो. पण दिवसभर खुर्चीत. टीव्ही लावला तर बघतो, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघतो. "काय करूया?" म्हटलं की "काही नाही." वहिनी म्हणते, आळस भरलाय अंगात. मी चित्रं रंगवायची वही आणली, तर म्हणाला, "मी काय बालवाडीत आहे?" बरोबरच होतं म्हणा त्याचं. पूर्वी भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. एकादशीला देवळात नेलं, तर दहा मिनिटांत कान झाकून बाहेर. पखवाज खोळीतच आहे. कुणाला काही सुचतंय?

ओटी_मिरज: ताई, हा आळस नाही. काम 'सुरू' करणं हे मेंदूच्या त्याच पुढच्या भागाचं काम. तिथे इजा झाली की माणूस बसून राहतो. त्याला मोकळा प्रश्न विचारू नका. दोन वस्तू पुढ्यात ठेवा, एक निवडू दे. वेळ रोज तीच, आणि १५ मिनिटांत थांबवा, तो दमायच्या आधी.

दुसरी_इनिंग: मी स्वतः यातून गेलोय. दहा टाळ एकदम वाजले की डोक्यात पत्रे पडल्यासारखं होतं. भजन नको असतं असं नाही हो, गलका सोसत नाही. मंडळ जमायच्या आधी त्याला एकट्याला न्या. आणि लगेच "वाजव" म्हणू नका. मी बरा होऊन पहिल्यांदा बुद्धिबळ खेळलो, नऊ वर्षांच्या भाच्याकडून हरलो, पुढे सहा महिने पटाला हात लावला नाही. आवाज घुमावा म्हणून पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडावरच्या कातड्याला, ओली कणीक लावतात ना, त्याला फक्त ती लावायला द्या.

ओटी_मिरज: कणकेचं झकास! हातात मुरलेलं कसब बऱ्याचदा टिकून असतं, माणूस नावं विसरला तरी.

धाकटी_वाईची: काल केलं. वहिनीने मळलेला गोळा दिला, तर बोटाने दाबून म्हणाला, "यात तेल आहे. चिकटणार नाही." स्वतः परात ओढली, मळली, डाव्या पुडीला लावली. एक थाप मारली, थोडी कणीक काढली, परत थाप. ठेका नाही वाजवला. मीही म्हटलं नाही. चहा घेत होतो, तर हा कणीक वाळायच्या आत खरवडायला उठला. कुणी सांगितलं नव्हतं.