पाउंडावर मिळणारे कपडे: हिल्सबरोच्या बिन्सला जावं का?

नवी_ओरेगॉनकर
नमस्कार मंडळी, आम्ही नुकतेच पुण्याहून अमेरिकेत ओरेगॉनमधल्या हिल्सबरोला आलोय. घर रिकामं, पाऊस तोंडावर, आणि मुलीच्या एका जॅकेटची मॉलमधली किंमत बघून मी ते परत हँगरला लावलं. शेजारच्या बाई म्हणाल्या की इथे गुडविलचं, म्हणजे दान आलेलं जुनं सामान विकणाऱ्या संस्थेचं, आउटलेट आहे, सगळे त्याला बिन्सच म्हणतात, तिथे कपडे चक्क वजनावर विकतात. कोणी जातं का? नेमकं कसं चालतं, काय घ्यावं आणि काय अजिबात घेऊ नये? अजून एक, सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्यांना पटलं नाही, दुसऱ्याचे उतरलेले कपडे लेकराच्या अंगावर कशाला म्हणाल्या. आणि मलाही मनात येतं की गरजू लोकांसाठीचं सामान आपण घ्यावं का? मोकळेपणाने सांगा.

गोधडीवाली
जा गं, बिनधास्त जा! मी गोधड्या शिवते आणि माझं जवळपास सगळं कापड तिथलंच असतं. जुन्या कॉटनच्या चादरी धुऊन धुऊन इतक्या मऊ झालेल्या असतात की नव्या कापडाला ते सुख नाही.

कसं चालतं ते सांगते. गुडविलच्या नेहमीच्या दुकानात जे काही आठवडे विकलं जात नाही ते आउटलेटला येतं. मोठमोठ्या चाकांच्या निळ्या पेट्या असतात, त्यात सगळं एकत्र ओतलेलं, ना साइज ना घडी. थोड्या थोड्या वेळाने एक अख्खी रांग आत नेतात आणि नवीन भरलेली आणतात, त्याला रोटेशन म्हणतात. त्या वेळी मागे सरून उभं राहायचं, सगळ्या पेट्या जागेवर लागून कर्मचारी हो म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. हा नियम तिथे फार कडक आहे आणि असायलाच हवा, नाहीतर लोकांच्या बोटांवरून पेट्या जातील. दुसऱ्याच्या कार्टला हात लावायचा नाही हे वेगळं सांगायला नको. हातात जाड ग्लोव्हज घाल, ढिगात कधी फुटकी काच असते कधी उघडी सेफ्टी पिन. ट्रायल रूम नसते म्हणून मोजायची टेप ने, आणि मुलीच्या अंगाला नीट बसणाऱ्या एका कपड्याचं माप लिहून ने.

भाव आत लावलेला असतो, पाउंडाला दोनेक डॉलरच्या आतबाहेर धर, गावागणिक बदलतो कारण प्रत्येक भागातली गुडविल संस्था स्वतंत्र आहे. ओरेगॉनात सेल्स टॅक्स नाही, त्यामुळे काट्यावर जे दिसतं तेच द्यायचं. आता हिशोब बघ, पाउंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. पिसांचं डाउन जॅकेट बाहेर सगळ्यात महाग आणि वजनाला सगळ्यात हलकं! उलट जीन्स आणि लांब लोकरी कोट काट्यावर चढतात, तरी परवडतातच. मी आधी हाताने चाचपते, लोकर, लिनन, कॉटन हाताला कळतं, मग लेबल बघते, मग बगल, कॉलर, चेन. चेन तुटकी असेल तर ठेवून दे, बदलून घ्यायला इथे जास्तच पैसे जातात.

सासूबाईंना एवढंच विचार, आपल्याकडे तान्ह्या बाळाचं पहिलं झबलं कशाचं शिवतात? आजीच्या जुन्या मऊ लुगड्याचंच ना?

बीव्हर्टनचे_काका
वरच्या ताईंनी छान लिहिलंय. मी फक्त काय घेऊ नये ते सांगतो. मुलांची कार सीट नाही म्हणजे नाही, तिला एक्स्पायरी असते आणि ती अपघातातून गेलीय का हे कळायला मार्ग नाही. सायकलचं हेल्मेट तसंच. बाजू खाली सरकणारा पाळणा दिसला तर सोडून द्या, तसे पाळणे विकायला २०११ पासून इथे बंदी आहे. जुनी रंगवलेली लाकडी खेळणी नकोत, शिशाच्या रंगावर बंदी आली १९७८ मध्ये, त्याआधीचं काय ते ओळखता येत नाही. नक्षीच्या जुन्या काचेच्या-चिनीमातीच्या ताटल्या जेवायला वापरू नका, त्यांच्या रंगातही शिसं असू शकतं.

मात्र बिडाचा तवा मिळाला तर सोडू नका! गंज आला असला तरी घासून, तेल लावून, ओव्हनमध्ये तापवून तो परत उभा राहतो आणि भाकरी काय सुंदर होते त्यावर. तडा तेवढा बघा, उजेडात धरून.

आणि कपडे घरात आणताना पिशवी बंदच ठेवा, थेट ड्रायरमध्ये हायवर अर्धा तास, ढेकूण आणि त्यांची अंडी उष्णतेने मरतात. लोकर आटेल म्हणून ती बंद पिशवीत डीप फ्रीजरमध्ये चार दिवस.

सूत_आणि_पीळ
गरजूंचा प्रश्न कोणीच घेतला नाही म्हणून लिहितो, मी टेक्स्टाइलमध्ये काम केलंय. आउटलेट हा विक्रीचा शेवटचा टप्पा आहे. तिथेही उरलं की कपड्यांचे गठ्ठे बांधून वजनावर व्यापाऱ्यांना विकतात. अमेरिकेतले असे गठ्ठे जगभर जातात, आपल्याकडे गुजरातेत कांडला सेझमध्ये (खास आर्थिक क्षेत्रात) निवडायला येतात, पानिपतला लोकरी कपडे फाडून, पिंजून त्याचं परत सूत काढतात आणि त्या सुताची स्वस्त ब्लँकेटं होतात. म्हणजे तुम्ही एक स्वेटर उचललात तर तो चिंधी व्हायच्या आधी वाचवलात. शिवाय गुडविलचं मूळ कामच विक्रीतून रोजगार आणि प्रशिक्षण देणं हे आहे, १९०२ मध्ये बॉस्टनला एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्याने ती कल्पना काढली. तुमचे पैसे त्यातच जातात. अपराधी वाटून घेऊ नका.

पावसाळी_पोर्टलंड
सूत दादा, बाकी पटलं पण पूर्ण नाही पटलं. दर रोटेशनला मी बघते, पुन्हा विकणारे लोक कार्ट भरभरून उचलतात, आणि शेजारी एखादी आई लहान बुटाचा दुसरा पाय शोधत असते. विकणाऱ्यांचंही पोट आहे, मान्य. पण ज्याला चार जॅकेटांची गरज नाही त्याने चार उचलू नयेत, विशेषतः थंडीत आणि विशेषतः मुलांची. सुटा बूट हाताला लागला तर तो वर, दिसेल असा ठेवा, ज्याच्याकडे जोडीचा असेल त्याला मिळतो. एवढं प्रत्येकाने केलं तरी पुष्कळ आहे.

गोधडीवाली
पावसाळी, शंभर टक्के. मी तर मोठ्याने ओरडून विचारते हा कोणाचा म्हणून, लोक हसून घेतात.

नवी_ओरेगॉनकर
किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार! झबल्याचा मुद्दा सासूबाईंना ऐकवला, म्हणाल्या आधी धुऊन घे म्हणजे झालं. यादी केलीये, मुलीचं एक जॅकेट, माझा स्वेटर, दोन चादरी आणि बिडाचा तवा. मंगळवारी सकाळी जायचा विचार आहे पण गाडी नवऱ्याकडे असते, हिल्सबरोतून कोणी जाणार असेल तर मला बरोबर न्याल का?