‘शिष्याच्या सात खुणा’: यात सोयरीक कुठे आहे?

नगरी_पेरू
काल इथे आपल्या ख्रिस्ती लोकांसाठी एक यादी पडली, येशूच्या ‘खऱ्या शिष्याच्या सात खुणा’. पहाटेची प्रार्थना, रोज बायबलचा एक अध्याय, दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा मंडळीला, म्हणजे चर्चला), उपासनेला खाडा नाही, दारू-तंबाखू बंद, पाळकांचा (पास्टरांचा) मान, आणि ‘जगाशी’ संगत नको. खाली आमेनचा पाऊस. मी आमेन म्हटलं नाही म्हणून खासगीत विचारणा झाली. उत्तर इथेच देतो.

या सातही खुणा पाळणारे एक गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत, मंडळीच्या पंचकमिटीवर आहेत. मुलीला स्थळ आलं. मुलगा ख्रिस्ती, दृढीकरण झालेला (श्रद्धेची जाहीर कबुली दिलेला), नोकरी पक्की. यांचा पहिला प्रश्न: “मूळचे कोण?” उत्तर कळल्यावर म्हणाले, “प्रार्थना करून कळवतो.” प्रार्थनेला काय उत्तर मिळालं ते सांगायला नको. पुढे एका रविवारी बायबलमधलं गलती 3:28 त्यांनीच वाचलं, खड्या आवाजात. ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही...

लूकच्या शुभवर्तमानात, 14 व्या अध्यायात, प्रभू म्हणतो, बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब कर; शिष्य होण्याचंही तसंच. त्या यादीतल्या कुठल्या खुणेने भाऊबंद तोंड फिरवतात? उलट मंडळीत वजन वाढतं. ब्राह्मण घरातले कवी ना. वा. टिळक, त्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा जात गेली, नातेवाईक गेले, बायकोची कित्येक वर्षं ताटातूट झाली. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठी. आज ते आले तर आपली मंडळी त्यांना सातव्या खुणेवर नापास करील.

पाळकांचा_जावई
यादी मी टाकली होती, तेव्हा बोलणं भाग आहे. एका ढोंग्याचा किस्सा सांगून सातही खुणा मोडीत काढायच्या, ही सोयीची युक्ती आहे. दशांश देणारा ढोंगी असू शकतो, पण न देणारा आपोआप संत होत नाही.

टिळक सगळ्यांना आवडतात, कारण ते आता कोणाकडे वर्गणी मागत नाहीत. 1919 मध्ये ते गेले. त्यानंतर दरबार किती टिकला? आणि ज्या मंडळीला तुम्ही नावं ठेवता तिनेच शाळा चालवल्या, दवाखाने चालवले, म्हातारी माणसं पुरली. प्रभूने बारा जण एकत्र गोळा केले होते. घरी बसून मोबाइलवर प्रवचन ऐकणारा एकटा शिष्य शुभवर्तमानात मला तरी सापडला नाही.

मेबल_मावशी
“म्हातारी माणसं पुरली” म्हणालात म्हणून. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मयत दारात असताना कमिटीचे एक जण वही घेऊन आले होते. वर्गणी थकलीय, आधी भरा, मग दफनभूमीची चिठ्ठी. भरली. त्यानंतर मी दशांश मंडळीत देत नाही, शेजारच्या विधवेच्या मुलाची फी भरते. मला शिष्या म्हणा नाहीतर नका म्हणू.

पाळकांचा_जावई
मावशी, ते चुकलंच. पण मंडळीचं छपर गळतं तेव्हा ती फी भरून थांबतं का?

मेबल_मावशी
छपराचे पैसे कोर्टात चाललेत ना? दोन गट, दोन वकील आणि धर्मादाय आयुक्तांकडे तारखा. मिशनने ठेवलेल्या जमिनींवरून आपल्याकडे जेवढं भांडण झालंय तेवढी सुवार्ता झाली असती तर!

शेवगावचा_नातू
टिळकांचं कौतुक झालं असेल तर मी बोलू का? टिळकांकडे सोडायला कायतरी होतं. आमच्या पणज्याकडं काय होतं? 1876 च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात माणसं मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाली, त्यांना आजही ‘पोटासाठी बाटले’ म्हणतात. ब्राह्मण आला की त्याग आणि महार-मांग आला की भाकरी. आजी सांगायची, गावकीची कामं सोडली म्हणून बलुतं बंद झालं, पाणवठा तर आधीच बंद होता. हिशेब त्यांनीही केलाच होता, फक्त लिहून ठेवला नाही.

नगरी_पेरू
हे मान्य. उदाहरण निवडताना माझाही डोळा तिकडेच गेला.

दाखला_हातात_घ्या
मग शेवगावकर, आता खरं बोलू या. मंडळीच्या वहीत बाप्तिस्मा आणि शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’, असे किती जण आपल्यात आहेत? मत्तय 10:33 वाचलंय ना? माणसांसमोर मला नाकारील त्याला मीही नाकारीन. सोयरिकीचं राहू द्या, आधी तहसील कचेरीत शिष्य व्हा.

शेवगावचा_नातू
आली का गाडी तिथंच! 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश वाचा. अनुसूचित जातीची सवलत आधी फक्त हिंदूंना. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. आम्ही अजून बाहेर. माझ्या चुलत्याचं घर बौद्ध, माझं ख्रिस्ती, भिंत एक. गावाने दोघांना सारखंच लांब ठेवलं. कागदावर मात्र माझी जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळली! ती खरंच विरघळली असती तर पेरूसाहेबांच्या त्या गृहस्थांनी “मूळचे कोण” विचारलंच नसतं. सरकारला जात दिसत नाही आणि पंचकमिटीला बरोबर दिसते.

दाखला_हातात_घ्या
भावना समजल्या. पण मुद्दा टाळलात. माझ्या वडिलांनी ‘ख्रिश्चन’ लिहिलं आणि आयुष्यभर शिपाई राहिले. त्यांच्या बरोबरीच्याने दाखला सांभाळला, तो साहेब होऊन निवृत्त झाला. दोघंही एकाच बाकावर प्रभुभोजन घ्यायचे. शिष्य कोण?

शेवगावचा_नातू
तुमचे वडील. त्यांना सलाम. पण ज्याने पोरांसाठी दाखला सांभाळला त्याला प्रभूला धरून देणारा यहूदा म्हणायची हिंमत माझ्यात नाही. पेत्र हा तर पट्टशिष्य, त्यानेही प्रभूला तीनदा नाकारलं होतं.

दाखला_हातात_घ्या
पेत्र नंतर रडला. आपले साहेब सत्कार घेतात.

वसईची_बाय
आम्ही कॅथलिक, त्यामुळे तुमच्या दशांशाच्या भांडणात पडत नाही. पण आमच्याकडे शिष्यत्व लग्नाच्या मांडवात बुडालंय. केळीची वाडी विकून रिसेप्शन करतात आणि मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) फादर साधेपणावर बोलले की सगळे माना हलवतात. सोयरिकीत वाडवळ, सामवेदी असे मूळचे समाज आम्हीही बघतोच, चारशे वर्षं होऊन गेली तरी. आमचे फादर फ्रान्सिस दि’ब्रिटो वसईची हिरवाई वाचवायला ‘हरित वसई’ आंदोलनात रस्त्यावर उतरले तेव्हा काही जण म्हणायचे, पुरोहिताने मिस्सा करावी, टँकर आणि बिल्डर यांच्याशी त्याचं काय काम? म्हणजे तुमची सातवी खूणच.

पाळकांचा_जावई
सगळे मिळून सातव्या खुणेवर बसलात, तर ती काढतो. ‘जगाशी संगत नको’ हे मी दारूच्या गुत्त्याबद्दल लिहिलं होतं, आंदोलनाबद्दल नाही. बाकी सहा तशाच राहतील. आणि सोयरिकीबद्दल बोलायचं तर, पेरूसाहेब, तुमचा मुलगा लग्नाचा आहे असं ऐकतो. मातंग समाजातून आलेल्या आमच्या एका प्रचारकाची मुलगी आहे, नर्सिंग झालेली. बायोडेटा पाठवू?

नगरी_पेरू
पाठवा. मुलाला विचारतो. लग्न त्याला करायचंय.

शेवगावचा_नातू
“प्रार्थना करून कळवतो” म्हणू नका म्हंजे झालं.

दाखला_हातात_घ्या
माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.