हवेवर खापर फोडणं ही पळवाट आहे का?

काठावरचा:
काल इथे एकाने लिहिलं, "हार्ट अटॅक खाण्यापिण्याने आणि आळसाने येतो, हवेवर खापर फोडणं ही पळवाट." वाचून डोकंच तडकलं. माझे वडील निर्व्यसनी, ना शुगर ना बीपी. ३० वर्षं बस चालवली. घरी आले की आई त्यांचा रुमाल वेगळा भिजवायची, पाणी काळं व्हायचं. ५८व्या वर्षी अटॅक. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, केसाच्या जाडीपुढे काहीच नाहीत. ते फुप्फुसात खोल जातात, तिथे दाह होतो, तो रक्तातून पसरतो, गुठळी पटकन धरते. १९९३चा अमेरिकेतला सहा शहरांचा अभ्यास बघा. धूम्रपानाचा हिशेब वजा करूनही सर्वांत प्रदूषित शहरात मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त निघाला.

सरळरेषा:
ते वाक्य माझंच. वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण दिवसभर बसून काम, जेवणाच्या वेळा नाहीत, ताण, हे कुठे गेलं? सिगारेटपुढे हवेची जोखीम किरकोळ आहे.

काठावरचा:
एकट्यापुरती किरकोळ, मान्य. पण सिगारेट काहीजण ओढतात, हवा सगळेच. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१०मध्येच या कणांना हृदयविकाराचं कारण मानलंय.

पहाटपक्षी:
ते राहू द्या, पहाटे हायवेच्या कडेने पळणाऱ्यांना कोण सांगणार? थंडीत धूर जमिनीलगत अडकून राहतो. नवऱ्याला तीन वर्षं सांगतेय.

चालतारहा:
म्हणजे घरात बसायचं? व्यायाम सोडणं जास्त वाईट!

पहाटपक्षी:
सोडा असं कुठे म्हटलं? नीट वाचा. आतल्या रस्त्याने जा, उन्हं वर आल्यावर जा.

चालतारहा:
आठला ड्युटी असते आमची. उन्हं बघत बसायला वेळ आहे कुणाला?

पहाटपक्षी:
मग एन९५ लावा, कापडी नको.

चालतारहा:
तो लावून दोन किलोमीटर पळून दाखवा, मग सल्ले द्या. मी सात वर्षं पळतोय, माझा बीपी पळण्यानेच उतरला.

सरळरेषा:
तुमचं पळणं संपलं असेल तर मूळ मुद्दा. १९५२च्या लंडनच्या धुरक्यात काही दिवसांत सुमारे ४,००० माणसं गेली, हे मलाही ठाऊक आहे. 'पळवाट' शब्द मागे घेतो. पण तंबाखू आणि तळण आधी, हे माझं म्हणणं कायम.

काठावरचा:
असू द्या. वडिलांना ॲडमिट केलं तेव्हा फॉर्मवर तंबाखू, दारू, व्यायाम सगळे रकाने होते. काय काम करता, कुठली हवा घेता, हे कुणी विचारलंच नाही.