सोसायटीची बोट कुठे बांधायची?

सेक्रेटरी: मंडळी, उद्या आपल्या वडोदऱ्यात पावसाचा रेड अलर्ट आहे. विश्वामित्री नदी जिथून येते त्या पावागढकडे जोरात पडतोय म्हणे. पंप चालू करून बघितला. आपली फायबरची बोट पार्किंगच्या खांबाला साखळीने आवळून कुलूप घातलंय. काळजी नसावी.

नाना (ए-१०२): काळजी आत्ता सुरू झाली. साखळी किती लांब?

सेक्रेटरी: दोन-अडीच फूट. चोरीला जाऊ नये म्हणून मुद्दाम आखूड.

नाना: पाणी चढलं की बोट वर जाणार आणि साखळी तिला खाली धरून ठेवणार. एक कड पाण्याखाली गेली की खेळ खलास. ऑगस्ट २०२४ चा पूर आठवा. धोक्याची पातळी २६ फूट आणि काळ्या घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री ३७ वर! आपली मीटरची पेटी बुडाली होती.

ओंकार (बी-३०४): मग साखळी मोठी करू ना नाना.

नाना: पार्किंगमध्येच नको रे. वर बीम आहे. बोट तरंगत जाऊन बीमखाली अडकली की ना ओढता येते, ना कुणाला आत बसता येतं.

मृणाल वहिनी (ए-२०१): मागे कडुलिंबापाशी?

नाना: बरोब्बर. फक्त कंपाउंडच्या भिंतीपासून लांब. पाणी चढताना एकवेळ निभावतं, उतरताना खरी गंमत. बोटीचं पोट भिंतीवर टेकलं आणि खालचं पाणी गेलं, की सगळा भार त्या एका रेघेवर येतो. फायबर तडकतंच.

सेक्रेटरी: दोरी कुठली? कपडे वाळत घालायची आहे ऑफिसात.

नाना: तिच्यावर कपडेच वाळत घाला 😄 नायलॉनची, अंगठ्याएवढी जाड आणा. एक पुढून, एक मागून. गाठ बुंध्याशी मारायची नाही. पहिल्या मजल्याच्या उंचीवर मारा, एक झाडाला, दुसरी जिन्याच्या कॉलमला. खाली बांधली तर पाणी चढेल तशी दोरी ताणत जाते, वर बांधली तर सैल पडते. जास्तीची दोरी जिन्यात उभं राहून ओढून घ्यायची, नाहीतर बोट भिंतीवर धडका देत बसेल. बाजूंना स्कूटरचे जुने टायर लटकवा.

शिल्पा (बी-१०१): आमच्या गॅलरीच्या ग्रिलला बांधलं तर सोपं नाही का?

नाना: ग्रिलसकट जाईल. कॉलमलाच बांधा. कोपऱ्यावर दोरी घासते तिथे पाण्याच्या जुन्या पाइपचा तुकडा चढवा. गाठ ओली झाल्यावरही सुटली पाहिजे. नाहीच सुटली तर जिन्यात कोयता ठेवा.

मृणाल वहिनी: बोटीत आत्ताच पाणी साचलंय. मी कुंड्यांना घालत होते.

नाना: म्हणजे बोटीच्या मागच्या भोकाचं बूच लावलेलं आहे. एरवी बूच काढून मागची बाजू उतरती ठेवायची, पाऊस आपोआप निघून जातो. आज मात्र पाणी उपसून बूच घट्ट लावा आणि वर ताडपत्री, मधे उंच राहील अशी. पावसाचं १ घनमीटर पाणी म्हणजे १,००० किलो. बांधलेली बोट पुराआधी पावसानेच बुडायची.

ओंकार: वल्ही आणि लाइफ जॅकेटं आतच ठेवू?

मृणाल वहिनी: अजिबात नाही. जॅकेटं माझ्याकडे दे, पहिल्या जिन्याच्या वर ठेवते. हरणीच्या तलावात जानेवारी २०२४ मध्ये बोट उलटून १४ जीव गेले, त्यातली १२ शाळेची मुलं. बोट सुटायच्या आधी जॅकेट अंगावर, हे आत्ताच ठरवून टाका.

नाना: लाख बोललात वहिनी. आणि पाणी आल्यावर ताडपत्री उचलायच्या आधी काठी आपटा. मागच्या वेळी लोकांच्या दारात मगरी आल्या होत्या.

शिल्पा: आई गं 🐊

सेक्रेटरी: सगळं पटलं. पण कुलूप काढलं आणि चोरी झाली तर?

नाना: अहो, एवढ्या पाण्यात चोर काय पोहत येणार? आणि आला तर त्याला म्हणावं, आधी आमच्या आजींना बी विंगमधून काढ.

सेक्रेटरी: 😂 बरं. साखळी काढतो. ओंकार, चार पोरं घेऊन ये, बोट उचलायची आहे, फरफटवायची नाही. ए विंगवाल्यांनी मागच्या बाजूच्या टू-व्हीलर ७ च्या आत हलवाव्यात. कडुलिंबाखालची पांढरी ॲक्टिवा कुणाची आहे?