आठवीच्या पोरांना इंग्रजी शब्दांची लॅटिन मुळं शिकवावीत का?

पांझराकाठ (धागाकर्ता)
साक्री तालुक्यात इंग्रजी शिकवतो. माझं मत: शब्दांच्या याद्या घोकून घेणं बंद करा, मुळं सांगा. इंग्रजी शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द थेट किंवा फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आलेत. 'रायव्हल' घ्या. रिव्हुस म्हणजे ओढा, पाट. रिव्हालिस म्हणजे एकाच पाटाचं पाणी घेणारा. सहाव्या शतकातल्या जस्टिनियनच्या कायदेसंग्रहात हा शब्द पाण्याच्या भांडणाच्या संदर्भातच येतो. आमच्याकडे फडाच्या, म्हणजे पाळीनं पाणी वाटून घ्यायच्या, बंधाऱ्यावर पाटकऱ्यानं कुणाची पाळी चुकवली की काय होतं, हे पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. वर्गात हा शब्द कुणी विसरत नाही.

अमळनेरची
सर, उदाहरण झकास आहे, पण निवडून आणलेलं आहे. 'नाइस' घ्या की. मूळ नेस्कियुस, म्हणजे अडाणी. हे सांगून पोरगं 'नाइस' नीट वापरेल? 'मॅन्युफॅक्चर'मध्ये मानुस म्हणजे हात, आणि आज एमआयडीसीत हातानं केलेलं सोडून बाकी सगळं मॅन्युफॅक्चर होतं. शब्दाचा अर्थ आजच्या वापरात असतो, त्याच्या खापरपणजोबाकडे नसतो.

जंक्शनवाला
भुसावळकर म्हणून बोलतो. 'जंक्शन' युंगेरे या लॅटिन क्रियापदावरून आलं, म्हणजे जोडणे. त्याचं संस्कृतातलं भावंड युज्. त्याच घराण्यातले आपले जू आणि जोत. पोळ्याला बैलाच्या मानेवरून जे उतरवतो ते आणि स्टेशनच्या पाटीवर जे लिहिलंय ते एकाच कुळातलं! याहून सोपं शिकवणं कोणतं?

खरंखोटं
जंक्शनवाले भाऊ, 'भावंड' म्हणालात म्हणून वाचलात. नाहीतर व्हॉट्सॲपवर सगळं इंग्रजी संस्कृतातूनच निघतं. 'नेव्हिगेशन' म्हणे 'नवगती'वरून! प्रत्यक्षात ते नाविस (जहाज) आणि आगेरे (हाकणे) यांपासून बनलं. नाविस आणि आपली नौ बहिणी आहेत, मायलेकी नाहीत. 1786 साली कलकत्त्यात भाषापंडित विल्यम जोन्स हेच बोलला: संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका समान उगमातून आल्या असाव्यात, आणि तो उगम बहुधा आता शिल्लक नाही. रोमन सैनिकांना पगारात मीठ मिळायचं म्हणून 'सॅलरी', हेही तसंच. सालारियुमचं साल म्हणजे मिठाशी नातं खरं, पण पगार मिठात देत होते याला पुरावा नाही. पन्नासातले चाळीस मास्तर हीच गोष्ट रंगवून सांगतील. माझा विरोध मुळांना नाही, या गप्पांना आहे.

गिरणाथडी
भो, आधी पोरेस्ले वाचता येऊ द्या! 😄

नंदुरबार मेडिकल
आमच्या धंद्यात लॅटिन रोजच चालतं. चिठ्ठीवरचं बी.डी. म्हणजे बिस इन दिये, दिवसातून दोनदा. टी.डी.एस. मधला टी म्हणजे तेर, तीनदा. एस.ओ.एस. म्हणजे गरज पडली तर. नवीन पोरगा कामाला ठेवला की बिस म्हणजे द्वि, तेर म्हणजे त्रि एवढं सांगतो. काम भागतं.

अमळनेरची
दादा, पेशंटला मात्र तुम्ही 'सकाळ-संध्याकाळ' असंच सांगता ना?

सातपुडा शाळा
इथे सगळे घरात मराठी बोलणारी पोरं गृहीत धरून बसलेत. धडगावकडे माझ्या वर्गात घरची भाषा पावरी किंवा भिल्ली. मराठी हीच त्यांची शाळेत शिकलेली भाषा. त्यात इंग्रजी शब्द समजावायला लॅटिन, आणि लॅटिन समजावायला संस्कृत! एका शब्दासाठी तीन डोंगर चढवायचे? जू त्यांना ठाऊक आहे, युज् नाही.

पांझराकाठ
संस्कृत बाजूला ठेवा मग, त्याविना माझं काही अडत नाही. पोर्तारे म्हणजे वाहून नेणे, एवढं एक मूळ द्या. रावेरची केळी एक्स्पोर्ट होतात हे लहान पोरालाही ठाऊक असतं. एक्स म्हणजे बाहेर. मग इम्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल आपोआप सुटतात. एका मुळात चार शब्द, आणि घोकंपट्टी शून्य. नाइससारखे शब्द खुशाल तसेच पाठ करवा, पण त्यांच्यापायी पोर्टला का हाकलता?

सातपुडा शाळा
पोर्ट उद्याच करून बघतो. पण सर, माझी पोरं गप्प बसणारी नाहीत. 'रिपोर्ट' परत वाहून आणलेली बातमी म्हणून खपवीन. 'इम्पॉर्टंट'मध्ये कोण काय वाहून आणतंय ते आजच सांगून ठेवा.