परिसर अध्ययन: विज्ञान-समाज एकत्र शिकवायचं की वेगळं?

पाटीपेन्सिल (धागा सुरू)

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात स्पष्ट आहे: पहिली-दुसरीला परिसर अध्ययन हा वेगळा विषयच नको, भाषा-गणितातूनच परिसर येऊ दे, तिसरी ते पाचवी विज्ञान आणि समाज एकत्र. 2023 च्या आराखड्यानेही हे एकत्रपण ठेवलं, नाव तेवढं बदललं. कर्नाटकात सहावीला दोन विषय वेगळे होतात. तरी आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात मुलांच्या वह्या उघडल्या की विषय एक आणि कप्पे दोन. अलीकडच्या पानावर 'वनस्पतीचे भाग', पलीकडच्या पानावर 'आपली ग्रामपंचायत', आणि मधे भिंत.

माझं म्हणणं, ही भिंत तिसरीत नको. एकच उदाहरण देते. एक लिटरच्या दोन प्लास्टिक बाटल्या मधोमध कापा, तोंडाला सुती फडकं बांधा आणि वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवा. एकात खानापूरकडची लाल माती, दुसऱ्यात बैलहोंगलकडची काळी, प्रत्येकी 200 ग्रॅम. वरून 100 मिली पाणी ओता. कुठलं पाणी लवकर गळतं, हे विज्ञान. काळ्या मातीत पाऊस संपल्यावरही ओल धरून शाळू-हरभरा का येतो, हे शेती आणि माणसं. बाटली तीच, तास तोच.

खडूफळा

बाई, बाटली छान आहे, पण तुम्ही सांगता तशी वर्गात केली तर उत्तर उलटं येईल. काळी माती वाळलेली असली की तिला भेगा असतात, शिवाय बाटलीच्या कडेला फट राहते. पहिलं पाणी त्या फटीतून लाल मातीपेक्षाही भराभर खाली जातं. पोरं लिहिणार, 'काळी माती पाणी धरत नाही'. मग बाई म्हणणार, 'नाही रे, पुस्तकात बघ.' प्रयोग करून शेवटी पुस्तकावरच आणून सोडायचं असेल तर प्रयोग कशाला?

माझा मूळ विरोध इथेच आहे. एकत्र शिकवण्याच्या नावाखाली विज्ञानाची शिस्त जाते आणि समाजाचा अनुक्रमही जातो. उरतं ते रंगकाम. पान चिकटवा, चित्र काढा, झालं परिसर अध्ययन. चौथीपासून आठवड्याला निदान दोन तास शुद्ध विज्ञानाचे वेगळे हवेत.

पाटीपेन्सिल

उलट्या उत्तराचं मान्य. पण उपाय सोपा आहे. ढेकळं फोडून चाळून घ्यायची, आदल्या दिवशी दोन्ही बाटल्यांत पाणी घालून रात्रभर ठेवायचं. काळी माती फुगते, भेगा मिटतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा 100 मिली ओतून तेव्हाचं मोजायचं. आणि पहिल्या दिवसाचं उलटं उत्तर लपवायचं नाही, दोन्ही दिवसांचं फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचं. उन्हाळ्यातल्या भेगाळलेल्या रानात पहिला वळीव कुठे जातो, ते पोरांना तिथेच कळतं.

कंग्राळीचा उंबरठा

मग तिसरीतलं पोर लगेच विचारणार: लाल मातीत पाणी थांबत नाही, तर खानापुरात भात कसं पिकतं? पाणी काळ्या मातीत थांबतं, मग अथणीत भात का नाही?

याचं उत्तर नुसत्या विज्ञानाच्या तासात मावत नाही. पाऊस पश्चिमेला खानापुरात धो-धो, पूर्वेला अथणीत बेताचा, हा अर्धा भाग. उरलेला अर्धा चिखलणीत, म्हणजे भातलावणीआधी शेतात चिखल करण्यात आहे. लाल मातीच्या बाटलीत थोडं पाणी घालून बोटाने दोन-तीन मिनिटं घोळा, बसू द्या, मग 100 मिली ओता. गळती चांगलीच मंदावते, कारण बारीक कण मोकळ्या जागा बुजवतात. नांगर आणि बैल शेतात हेच करतात. पोरांच्या हाताला चिखल लागला पाहिजे, फडकं मात्र जाडसर घ्या, नाहीतर सगळं खाली.

खडूफळा

हे आवडलं, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही तिघी-चौघं जाणकार आहात म्हणून हे जुळतं. एका शिक्षकाकडे पहिली ते तिसरी एकाच खोलीत, तास 40 मिनिटांचा, तिथे काय? नली-कलीचंच बघा, म्हणजे कर्नाटकातल्या सरकारी शाळांतली कृतीतून शिकायची पद्धत. 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ती सुरू झाली, पोरं गटाने बसतात, हाताने करतात. पण त्यातही पायरी-पायरीने शिकायची शिडी आहे, कृतीच्या कार्डांना क्रम आहे. 'आवारात जे दिसेल ते' असं कुणी ठेवलेलं नाही.

दुसरं, शब्द. बाष्पीभवन हा शब्द कधीतरी द्यायलाच लागतो. 'सुकलं' म्हणून किती दिवस भागवणार?

पाटीपेन्सिल

क्रम हवाच, त्यावर भांडण नाही. शब्दाबद्दल आहे. 'बाष्पीभवन' लवकर दिलं की प्रश्न मिटतो. 'पाणी कुठं जाऊलंय?' असं विचारणारं पोर एक शब्द पाठ करून गप्प बसतं. पाणी किती आटलं ते बघायला डबक्याभोवती खडूची रेघ मारायचा खेळ सगळे करतात. पण तो मातीच्या अंगणात केला तर जिरलेलं आणि उडालेलं पाणी वेगळं करता येत नाही. सिमेंटचा कट्टा किंवा फरशी घ्या. त्याहून बरं, एकसारखी दोन स्टीलची ताटं, प्रत्येकी 50 मिली पाणी, एक उन्हात, एक सावलीत. जूनमध्ये करू नका, तेव्हा इथे टॉवेल दोन दिवस वाळत नाही. फेब्रुवारी बरा. शब्द त्यानंतर द्या.

नकाशावाली

सगळे मातीतच रुतलेत, जरा समाजाकडे या. कोल्हापूरहून येणारी महाराष्ट्राची गाईडं इथल्या मराठी शाळांत सर्रास चालतात. त्यात गावाचा प्रमुख 'सरपंच', सोबत 'ग्रामसेवक'. आपल्याकडे पंचायतीला अध्यक्ष असतो, तो सदस्यांतून निवडला जातो, कारभार पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) बघतो, आणि साधारण 400 लोकसंख्येमागे एक सदस्य. पोराने घरासमोरच्या पंचायतीचा फलक वाचला की त्यावर 'सरपंच' कुठेच नाही. भाषा आपली ठेवा, पण कारभार इथला शिकवा.

दुसरी खोड नकाशाची. तो भिंतीवर टांगला की उत्तर दिशा आढ्याकडे आहे असं पोरं धरून चालतात. आधी जमिनीवर अंथरा, उत्तर खऱ्या उत्तरेकडे करा, पोरांना त्यावर उभं करा. कणकुंबी पायाखाली, मलप्रभा तिथून निघून पूर्वेकडे. हे दोन-तीन वेळा झाल्यावरच भिंतीवर टांगा.

खडूफळा

दिशेवरून आठवलं. 'दुपारी बाराला सावली सर्वांत लहान आणि उत्तरेला' हे वाक्य बेळगावात दोन्ही बाजूंनी चुकतं. आपण 74.5 पूर्व रेखांशावर, घड्याळ मात्र सगळ्या देशासाठी ठरलेल्या 82.5 रेखांशाचं. म्हणजे 8 अंश, अंशाला 4 मिनिटं, 32 मिनिटांचा फरक. फेब्रुवारीत खरी मध्यान्ह पावणेएकच्या सुमारास येते. आणि मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या 9-10 तारखेपर्यंत मध्यान्हीला सूर्य आपल्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा: 22 डिसेंबरला सावली सुमारे 82 सेंमी, 21 मार्चला सुमारे 28. सव्वाबारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी खूण करा. सांगा, यात 'समाज' कुठे आहे? काही गोष्टी निव्वळ विज्ञानाच्या असतात.

कंग्राळीचा उंबरठा

घड्याळ कुणाचं, हाच समाज. सगळ्या देशाला एक वेळ का लागते, हा प्रश्न रेल्वे स्टेशनाच्या पाठात विचारा.

खडूफळा

बरं, हे एक तुमचं. इतिहासाचं काय? तिसरी-चौथीला सन-सनावळ्या झेपत नाहीत, तो तरी वेगळा ठेवा.

नकाशावाली

झेपतात, मोजता आल्या तर. 9 मीटर सुतळी, 1 सेंमी म्हणजे 1 वर्ष. एक टोक म्हणजे आज. पोराचं स्वतःचं वय 8 सेंमी. टिळकवाडीतलं 1924 चं काँग्रेस अधिवेशन एक मीटरवर, कित्तूरच्या चन्नम्माची 1824 ची लढाई दोन मीटरवर, बेळगावच्या किल्ल्यातलं 1204 चं जैन मंदिर, कमल बस्ती, पार व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, 8 मीटरच्या पुढे. मोजणी गणिताच्या तासात, गाठी परिसरच्या तासात. नायलॉनची दोरी घेऊ नका, ओढली की लांबते आणि चन्नम्मा सरकते. सुतळी पावसात भिजवू नका, आखडते.